दसव्यावर घिरट्या

एका अनोळखी माणसाच्या दसव्याला, नदीच्या वाळूत पिंड मांडून माणसं कावळ्याची वाट बघत बसली असताना, मी पॅराग्लायडर घेऊन त्यांच्या डोक्यावर घिरट्या घातल्या. खालून माणसं हात हलवत होती. ती माझं कौतुक करताहेत असं समजून मी आणखी खाली आलो.

यात भर म्हणून सांगायचं तर अकोल्यात माझं चष्म्याचं दुकान आहे. लोकांना लांबचं स्वच्छ दिसावं, यावर आमचं घर चालतं.

उडण्याचा नाद मला उशिरा लागला. आमच्याकडं माणूस ज्या वयात गुडघ्याला तेल चोळायला आणि सुनेच्या स्वयंपाकाला नावं ठेवायला लागतो, त्या वयात मी भलंमोठं कापड पाठीवर बांधून डोंगर चढायला लागलो. याला निमित्त माझा अमरावतीचा जुना मित्र. तो दातांचा डॉक्टर. जन्मभर लोकांच्या तोंडात वाकून बघितल्यावर त्याला मोकळं आभाळ बघावंसं वाटलं, तो मावळात जाऊन उडायला शिकला, आणि एकट्यानं वेडं ठरण्यापेक्षा दोघं बरे म्हणून पुढच्या खेपेला मलाही घेऊन गेला.

मी तिवशाकडच्या सपाट काळ्या रानात वाढलेला. आमच्या गावात सगळ्यात उंच म्हणजे पाण्याची टाकी. डोंगर आम्हाला ठाऊक होता तो स्वच्छ सकाळी उत्तरेला दिसणारी सातपुड्याची निळी रेघ म्हणून, नाहीतर धारणीच्या बसमध्ये ज्याच्यामुळं उलट्या होतात तो म्हणून. असल्या माणसाला कड्यावरून पळत सुटायला सांगितलं. शिकवणारे सांगायचे, थांबायचं नाही, पाय सुटले तरी पळत राहायचं. मी नेमका कडेशी येऊन उभा राहायचो. आमच्या रक्तातच ते आहे. शेताचा धुरा आला की थांबायचं, पुढचं वावर दुसऱ्याचं.

बायकोनं एकच शंका काढली होती. उडून जायचं कुठं? मी म्हटलं, कुठंच नाही. वर जायचं, फिरायचं, खाली यायचं. ती म्हणाली, त्याला आपली गच्ची पुरते. त्यानंतर तिनं तो विषय कधी काढला नाही. पण मी उडायला जातो त्या दिवशी ती दुपारची आडवी होत नाही, हे मला मुलीकडून कळलं.

मित्र निमित्त होता. कारण दुसरंच होतं, आणि ते मी मित्रालाही सांगितलेलं नाही.

माझे वडील गेले त्याच्या पुढच्या हिवाळ्यात मी उडायला शिकलो. वडिलांच्या दसव्याला आम्ही पिंड ठेवून मागं सरलो न सरलो, तोच कावळा आला आणि घास घेऊन गेला. सगळे म्हणाले, नशीबवान माणूस, कशात जीव अडकला नाही. मीही हात जोडले. पण बैलगाडीच्या वाटेनं घराकडं चालताना मनात आलं, म्हणजे आमच्याकडून त्यांना काहीच नको होतं? थोडं तरी अडून बसायचं होतं. काही मागायचं होतं. मी बोलायचे शब्द मनात जुळवून ठेवले होते, ते तसेच राहिले. पुढं कित्येक महिने हा विचार गिऱ्हाईकाच्या डोळ्यांवर काच धरताना यायचा, जेवताना यायचा. वर गेलं की येत नसे. वर फक्त गालावरचा वारा आणि हातातल्या दोऱ्या. बाकीचं सगळं खाली राहतं आणि तिथंच वाट बघत बसतं.

आमची उडण्याची जागा पातूरच्या पुढं, घाटात. रस्ता चढून गेलं की एका अंगाला बोडकी टेकडी लागते. तिचं तोंड उत्तरेला. हिवाळ्यात वारा अकोल्याच्या सपाटीवरून येतो, या टेकडीवर आदळतो आणि वर चढतो. कापड पसरायचं, दोऱ्या सोडवायच्या, वारा भरला की ते डोक्यावर उभं राहतं, आणि मग पळायचं. पायाखालची टेकडी निघून जाते. पहिल्यांदा कळतं ते हे, की जमिनीवर किती आवाज असतो. तो एकदम बंद होतो. खाली पऱ्हाटीची वावरं फुटलेल्या बोंडांनी ठिपकेदार झालेली, तुरीचे पट्टे, आणि पातूरच्या बाजूला फुलांचे मळे. झेंडूचा केशरी, शेवंतीचा पांढरा. ते पाहून माझ्यासारख्यालाही गप्प बसावंसं वाटतं.

त्या दिवशी सकाळ सरत आली होती. मित्र टेकडीवर थांबला होता आणि आधी मी निघालो होतो. टेकडीवरून पुढं सरकत मोर्णा नदीच्या पात्रापर्यंत आलो. पात्र बरंचसं कोरडं होतं. वाळू तापून तिच्यावरची हवा वर चढत होती. अशी चढती हवा सापडली की तिच्यातच गोल फिरत राहायचं असतं, म्हणजे ती आपल्याला वर नेते. मी फिरायला लागलो. खाली काठाला माणसं जमलेली दिसली. पुरुष एकीकडं, बाया एकीकडं. मला वाटलं, वनभोजन असावं. मग त्यातले दोघे-तिघे उठले आणि दोन्ही हात हलवायला लागले.

आता खरं बोलायचं तर उडणाऱ्या माणसाला खालून कोणी बघितलं की त्याचं वय कमी होतं. मीही हात हलवला. ते आणखी जोरात हलवायला लागले. एकानं तर डोक्याचा पंचा सोडून फिरवला. खिशातल्या वॉकीटॉकीवर मित्र काहीतरी सांगत होता, पण तो नेहमीच काहीतरी सांगत असतो म्हणून मी तो बंद केला. एवढी माणसं एवढ्या प्रेमानं बोलावताहेत तर जवळून दर्शन द्यावं, अशा विचारानं मी चढती हवा सोडली आणि उतरत उतरत त्यांच्या डोक्यावरून एक मोठा फेरा मारला. वरून "राम राम" असंही ओरडलो. बाभळीवरून कावळे उडाले, तेही मला शोभेचेच वाटले.

फेरा पूर्ण झाला तेव्हा उंची उरली नव्हती. टेकडीच्या पायथ्याशी उतरायची आमची जागा होती, तिथवर पोचणं शक्य नव्हतं. समोर वाळू होती. मी वाळूवर आलो, पाय रुतले, बसलो, बसल्या बसल्या थोडा घसरलो, आणि माझं कापड माझ्या डोक्यावरून पुढं जाऊन बाभळींच्या आणि माणसांच्या मधोमध पसरलं. केशरी रंगाचं, एखाद्या मांडवाएवढं.

कोणी हसलं नाही. कोणी धावून आलं नाही, ओरडलंही नाही. हेल्मेट काढलं तेव्हा मला पुरुषांची ओली धोतरं दिसली. ताजी भादरलेली डोकी दिसली. वाळूचा लहानसा ओटा, त्यावर पानात ठेवलेला भाताचा पिंड. दसवा काय असतो हे मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

बायांमधून एक म्हातारी उठून आली. गेलेल्या माणसाची ही मोठी बहीण. तिनं मला खालपासून वरपर्यंत बघितलं आणि आमच्याकडं कोणालाही पहिला विचारतात तोच प्रश्न विचारला, कोन्या गावचे तुमी. मी सांगितलं, मूळचा तिवशाकडचा, आता अकोल्यात. ती म्हणाली, कावळा आलाच होता. त्या दगडावर बसला होता. तुमची सावली पडली अन् उडाला. मी हात जोडून माफी मागायला लागलो, तर तिनं मान हलवली. तिला माफी नको होती.

"तुमी हाकलला," ती म्हणाली, "आता आमच्यासंगं वाट पाहा त्याची. बसा."

तेव्हा मी बसलो. बाकीचे पुरुष ओल्या धोतरांत उघडे, आणि मी अंगाला चिकटलेल्या निळ्या सूटमध्ये, मांडीवर हेल्मेट घेऊन. अंगावरचा पट्ट्यांचा हार्नेस सोडला होता, पण कापडाच्या दोऱ्या वाळूवरून पार बायांच्या बाजूला गेल्या होत्या. त्या गोळा करायला उठावं तर सगळ्यांचे डोळे माझ्याकडं वळत. म्हणून त्या तशाच राहू दिल्या.

माझ्या शेजारी गेलेल्या माणसाचा एक भाऊबंद बसला होता. त्यानं हळू आवाजात मला सगळं सांगितलं. गेलेला माणूस फुलांचा शेतकरी. नदीच्या वरच्या अंगाला त्याचा मळा. नवरा-बायको दोघंच तिथं राहत. फुलं तो लावायचा, तोडणी दोघं करायचे, आणि अकोल्याच्या बाजारात विकायला ती बसायची. तरुणपणापासून तीच. मुलगा एकच, अमरावतीला नोकरीला, तिथंच घर बांधलेलं. आता तो आईला घेऊन जाणार होता. मळा बटईनं, म्हणजे पिकाच्या वाट्यावर दुसऱ्याला कसायला द्यायचं त्यानं ठरवलंही होतं. चांगला मुलगा आहे, असं तो भाऊबंद म्हणाला, आणि ते दिसतही होतं. मुलाचे डोळे सुजले होते. दर थोड्या वेळानं तो आईकडं बघत होता, ती उन्हात तर नाही ना म्हणून.

गेलेल्या माणसाला आम्ही उडताना दिसायचो, हेही मला कळलं. पाणी देता देता तो मान वर करून बघायचा आणि बायकोला विचारायचा, यायले वावर नाही का. आमचं वावर बटईनं दिलेलं आहे, हे सांगण्याची ती वेळ नव्हती.

कावळे परत येऊन बाभळीवर बसले. मुलगा पिंडासमोर उभा राहिला. हात जोडून त्यानं मोठ्यानं सांगितलं, कारण हे मोठ्यानंच सांगायचं असतं, की जाणाऱ्यानं ऐकावं आणि चार माणसांनीही ऐकावं. एकदा कावळ्यानं ऐकून घास घेतला की तो शब्द मग मोडता येत नाही.

"बाबा, मायची काळजी करू नोका. मी तिले अमरावतीले नेतो. वावर बटईनं देऊन टाकतो. आता तिले काम नाही, कष्ट नाही."

माणसांनी माना डोलावल्या. एक कावळा बाभळीवरून उतरला, वाळूवर दोन उड्या मारून पिंडाकडं आला. तेवढ्यात माझ्या कापडाची कड फडफडली आणि तो उडाला.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वारा पडलेला होता, पण वाळूवरून एखादी झुळूक येत होती, आणि तेवढं हलकं कापड तेवढ्यानंही उठतं. ते गुंडाळल्याशिवाय कावळा येणार नाही, हे उघड होतं. मी ओणवा होऊन हळूहळू सरकत दोऱ्या गोळा करायला लागलो. सरकत सरकत बायांच्या बाजूला पोचलो. तिथं सगळ्यात पुढं ती बसली होती, गेलेल्या माणसाची बायको. पदर कपाळापर्यंत ओढलेला. तिनं माझ्याकडं बघितलं नाही. नजर पिंडावर ठेवूनच हळू म्हणाली,

"राहू द्या ते. हालवू नोका."

मला वाटलं, बिचारीला माझी लाज झाकायची आहे. किंवा विधी चालू असताना हालचाल चालत नसेल. मी तिथंच मागं बसून राहिलो.

मुलगा पुन्हा बोलला. आईला वेगळी खोली आहे, पाणी घरात आहे, दवाखाना जवळ आहे, नातवंडं तिच्यापाशी झोपतील, असं सगळं त्यानं बापाला सांगितलं. सांगताना त्याचा आवाज फुटला. कावळा परत उतरला. या वेळी तो ओट्याच्या अगदी जवळ आला, मान वाकडी करून त्यानं पिंडाकडं बघितलं. माणसं श्वास धरून बसली. कापडाची कड उठली. कावळा गेला.

पण या वेळी झुळूक नव्हती. गालावर वारा आला की गेला एवढं कळायला मी शिकलेलो आहे, तेवढं एकच मी नीट शिकलो आहे. वारा अजिबात नव्हता. मी कापडाकडं बघितलं, कापडाकडून वाळूवरच्या दोरीकडं बघितलं, आणि त्या दोरीच्या मागोमाग माझी नजर तिच्या हातापर्यंत आली. हात पदराखाली, वाळूवर टेकलेला. दोरीचा वेढा तिच्या बोटांना होता.

मी बघतोय हे तिला कळलं. तिनं तोंड फिरवलं तेव्हा पदराखालचा चेहरा मला पहिल्यांदा दिसला. त्यावर पाणी होतं, सगळं तोंड ओलं होतं. पण डोळे घाबरलेले नव्हते. मी काही बोलायच्या आत ती फक्त माझ्यापुरतं बोलली.

"त्यायले घाई नाही. माह्यासाठी थांबतीन ते."

मी गप्प राहिलो. पुढच्या वेळात मी काही केलं असेल तर एवढंच, आणि तेही भीतीनं. माझ्या डोक्यात मात्र नाना गोष्टी चालल्या होत्या. एक बाई स्वतःच्या नवऱ्याच्या तोंडचा घास अडवून बसली होती. जन्मभर ज्याच्यासोबत फुलं तोडली, तो उपाशी दारात उभा आणि हिनं दार धरून ठेवलेलं. हे पाप की काय, ते ठरवणारा मी कोण. पण तिचा विश्वास मला दिसत होता. हा माणूस रागावणार नाही, उलट म्हणेल बरं केलं, एवढं ती त्याला ओळखत होती. आपण घास अडवून धरला असता तर माझे वडील थांबले असते का, असं माझ्या मनात येऊन गेलं. अडवून धरायचं मला सुचलंच नव्हतं.

ऊन चढलं. विधी सांगणाऱ्या महाराजांनी सूर्याकडं बघून घेतलं. त्यांना पुढं बार्शीटाकळीकडं जायचं होतं, तिथंही कोणी गेलं होतं. त्यांनी शांतपणे सुचवलं की आता दर्भाचा कावळा करून पिंडाला लावू, शास्त्रात तशी सोय आहे. पुरुषांतून बरं म्हणणारे आवाज आले. लोकांना भूक लागली होती, उघड्या अंगाला ऊन लागत होतं. महाराजांनी दर्भ काढून त्याची गाठ मारायला घेतली.

तिची बोटं दोरीवर आवळली गेली. दर्भाच्या कावळ्याला माझं कापड काय भिववणार. गाठ बसली आणि पिंडाला टेकली की मुलाचा शब्द पक्का, मळा बटईला, आणि हिची रवानगी अमरावतीच्या वेगळ्या खोलीत. तिनं खाली मान घातली. एवढ्या माणसांसमोर, त्या दिवशी, तिनं उभं राहून बोलावं अशी रीत नव्हती. बोलली असती तरी लोकांनी दुःखाचा भर म्हणून सोडून दिलं असतं.

तेव्हा ती म्हातारी नणंद उठली. तिला ती दोरी दिसली होती की नव्हती, मला आजही सांगता येत नाही. तिनं महाराजांना हातानंच थांबवलं आणि भाच्यापुढं जाऊन उभी राहिली.

"तू मघापासून तुह्याच मनाचं सांगून राह्यला, बापा. माह्या भावाच्या मनातलं सांग ना. काय म्हने तो तुह्या मायले? कुठं ठेवाचं म्हने?"

मुलगा बघत राहिला. सगळ्यांना वाटलं तो चिडेल. तो चिडला नाही. खाली बसला, वाळूतच, पिंडासमोर. नदीच्या पलीकडं कोणाची तरी मोटर चालू होती तेवढीच ऐकू येत होती. मग त्यानं मान वळवून आईकडं बघितलं, आईनं वर बघितलं नाही, आणि तो पुन्हा पिंडाकडं वळला. आता त्यानं आवाज चढवला नाही. चार माणसांना ऐकू जावं याची त्याला फिकीर राहिली नव्हती.

"बाबा, माय इथंच राहीन. मळ्यातच. वावर कोनालेच देत नाही. बाजारात तीच बसन. मी येत जाईन."

माझ्याजवळ वाळू खसखसली. तिनं बोटांचा वेढा सोडवून दोरी खाली ठेवली, हळूच, एखादी वस्तू मालकाला परत करावी तशी.

"उचला आता," ती म्हणाली.

मी कापड उचललं. उडून आल्यावर ते नीट घडी घालून भरायचं असतं, त्याची एक पद्धत आहे. मी ते पोटाशी कवळलं, गाठोड्यासारखं, आणि तसाच त्यावर उपडा पडून राहिलो, म्हणजे कड उठायला नको. त्या अवस्थेत मला फक्त वाळू दिसत होती. पंख वाजले. मग बायांमधून कोणाचा तरी दाबलेला हुंदका आला, आणि पुरुषांचे हात जोडल्याचे, उठल्याचे आवाज. मी मान वर केली तेव्हा पानातला घास गेला होता आणि मुलगा आईच्या मांडीत डोकं घालून रडत होता. ती त्याच्या भादरलेल्या डोक्यावरून हात फिरवत होती. रडत तीही होती. खोटं काही नव्हतं त्या रडण्यात.

मित्र जीप घेऊन काठावर आला तेव्हा लोक नदीत उतरून आंघोळी करत होते. म्हातारीनं मलाही पाण्यात उतरायला लावलं. दसव्याला बसलेल्यानं तसंच घरी जायचं नसतं. मी सूटसकट उतरलो. परतीच्या वाटेवर मित्रानं विचारलं, काय झालं खाली. मी म्हटलं, कावळा उशिरा आला. एरवी मी माझे घोळ चवीनं सांगतो, घरी पोचायच्या आत दहा माणसांना कळलेले असतात. हा मी कोणाला सांगितला नाही. बायकोलाही अर्धाच सांगितला. माझं पडणं सांगितलं, दोरी सांगितली नाही.

उडणं मी सोडलं नाही. पण आता खाली माणसं जमलेली दिसली की मी लांबून जातो, आणि कोणी हात हलवला तर समजतो की जा म्हणताहेत.

पुढच्या दसऱ्याला दुकानातल्या पूजेसाठी फुलं घ्यायला मी बाजारात गेलो. झेंडूच्या ढिगाऱ्यामागं ती बसली होती. मला वाटलं ओळखणार नाही, सूटबिट काही अंगावर नव्हतं. तिनं बघताक्षणी ओळखलं आणि बसायला पोतं सरकवलं. गिऱ्हाईक आटोपता आटोपता मला सांगत होती, मुलगा दर महिन्याला येतो, या वेळी झेंडू त्यानंच सुट्टी काढून तोडला. आणि दोरीचं तिनं त्याला सांगून टाकलं होतं, तेरवी झाल्या झाल्या. तो काय म्हणाला, मी विचारलं. म्हने, बाबाले मालूम असन, ती म्हणाली. असं सांगून ती फुलं मोजायला लागली. मुलाला आता ठाऊक आहे, म्हणूनच मी हे लिहू शकतो आहे.

मी पोत्यावर बसून होतो आणि खरं सांगायचं तर मला भरून आलं होतं. ही बाई आज इथं बसली आहे, ते फूल तिच्या मळ्यातलं आहे, आणि यात आपलाही काही वाटा आहे, असं मनात येत होतं. शेजारी शेवंती घेऊन बसलेल्या बाईला माझ्याबद्दल कुतूहल वाटलं असावं. तिनं हिला विचारलं, हे कोन हायेत, पावने का? मी थोडा सावरून बसलो. देवमाणूस नाही तरी निदान भाऊ तरी म्हणेल, अशी माझी अपेक्षा होती.

तिनं माझ्याकडं एकदा बघितलं आणि फुलं मोजत राहिली.

"पावने कायचे," ती म्हणाली, "आमच्या दसव्यातलं बुजगावनं होय थे."